सर्वांत 'पॉवरफुल' किक कोणती? एका लाडक्या प्रश्नाची चिकित्सा

या वेळी एक तयार विषय हातात घेऊ आणि तो संशोधनाच्या कसोटीवर कितपत टिकतो ते बघू. विषय असा: मार्शल आर्ट्समधली सर्वांत पॉवरफुल किक कोणती?

हसू नका. क्लासमधल्या पोरांनी विचारला तर हा टाइमपास असतो. पण तोच प्रश्न 'तायक्वांदो व कराटेमधील निवडक किकच्या आघातबलाचा तुलनात्मक अभ्यास' असा सदरा घालून आला की त्याचा सिनॉप्सिस होतो, त्यावर गाईडची सही होते आणि एखाद्याची चार-पाच वर्षं त्याला बांधली जातात. सटाण्याचा माझा एक ज्युनिअर सध्या याच उंबरठ्यावर उभा आहे. फिजिक्समध्ये एम.एस्सी., शाळेपासून तायक्वांदो, घरी कांदा आणि डाळिंब. आमचं बागलाण तसं कुस्तीचं. देवमामलेदारांच्या यात्रेत दंगल बघायला लोटणाऱ्या या तालुक्यातल्या पोराला लाथांवर पीएच.डी. करायचीये, याचं मला कौतुकच वाटलं. त्याने वाचून ठेवलेले पेपर मीही वाचले. हा लेख म्हणजे त्या वाचनाची चिकित्सा आहे, आणि तुमच्यापैकी जे विषय शोधताय त्यांच्यासाठी तो लिहितोय, मग तुमचा विषय किकशी संबंधित असो वा नसो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. 'सर्वांत पॉवरफुल किक' या साहित्यात कुठेच सापडत नाही. सापडतात ते आकडे. ते आकडे जितके किकचे आहेत तितकेच मोजणाऱ्या उपकरणाचे आणि मार खाणाऱ्या वस्तूचे आहेत. हे न बघता नुसते आकडे एका तक्त्यात मांडून पहिला-दुसरा नंबर काढला, तर तो तुलनात्मक अभ्यास होत नाही.

'पॉवर' म्हणजे नक्की काय?

आपण बोलताना जोर, ताकद, दम, पॉवर हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. बोलायला काही हरकत नाही. पण दहावीच्या विज्ञानातसुद्धा बल, संवेग, ऊर्जा आणि शक्ती या चार वेगळ्या राशी आहेत आणि त्यांची एककंही वेगळी आहेत.

एक हिशोब करून बघू. समजा, पायाचं 'प्रभावी' वस्तुमान ५ किलो धरलं, म्हणजे धडकेच्या क्षणी जेवढं वस्तुमान खरोखर लक्ष्यावर आदळतं तेवढं. वेग धरला सेकंदाला १० मीटर. हे आकडे हिशोबाच्या सोयीसाठी घेतलेत, पण वास्तवापासून फार लांब नाहीत.

संवेग झाला ५ गुणिले १०, म्हणजे ५० न्यूटन-सेकंद. गतिज ऊर्जा झाली अर्धा गुणिले ५ गुणिले १०० म्हणजे २५० ज्यूल. पायाला हा वेग यायला ०.२ सेकंद लागले असतील, तर सरासरी शक्ती झाली १२५० वॅट, साधारण १.७ हॉर्सपॉवर. आपल्या विहिरीवरची ५ एचपीची मोटर यापेक्षा तिप्पट शक्तीची असते, आणि ती तासन्‌तास तशी चालते.

आपल्याकडे म्हण आहे, लाथ मारीन तिथे पाणी काढीन. २५० ज्यूलमध्ये किती पाणी निघेल? एक लिटर पाणी सुमारे २५ मीटर उचललं जाईल. बागलाणातल्या बऱ्यापैकी खोल विहिरीतून एक तांब्या. म्हण अगदीच खोटी नाही, पण पीक येणार नाही त्यावर.

आता बघा, या सगळ्या हिशोबात 'बल' कुठेच आलं नाही. ते अजून काढताच येत नाही. कारण किक किती बलाने लागली, हे फक्त पायावर ठरत नाही. पाय थांबायला किती वेळ लागला यावर ते ठरतं, आणि तो वेळ ठरवते समोरची वस्तू. म्हणजे 'या किकचं बल इतके न्यूटन' हे वाक्यच अर्धवट आहे. कशावर मारलेल्या किकचं, हे त्यात यायला हवं. गंमत म्हणजे बहुतेक पेपर 'पॉवर'च्या नावाखाली हेच बल मोजतात.

एकच किक, चार आकडे

आता साहित्याकडे येऊ. राउंडहाउस किक घ्या, तायक्वांदोतली सर्वांत जास्त वापरली जाणारी. पाय बाजूने गोल फिरून येतो आणि पावलाचा वरचा भाग लागतो.

१९९५ साली पीटर आणि पीटर यांनी 'बायॉलॉजी ऑफ स्पोर्ट' या नियतकालिकात तायक्वांदोच्या निवडक तंत्रांचा वेग आणि बल मोजून छापलं. त्यात चांगल्या दर्जाच्या खेळाडूंच्या किकचं बल पाचशे-सहाशे न्यूटनच्या आसपास येतं. २००९ साली फाल्को आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ बायोमेकॅनिक्स'मध्ये राउंडहाउसवरच काम छापलं, तिथे तरबेज खेळाडूंचा आकडा दोन हजारांच्या घरात आहे. त्याच वर्षी ओ'सलिवन आणि सहकाऱ्यांनी तायक्वांदो आणि योंगमुडो या दोन कोरियन कलांची तुलना केली. त्यात धडाच्या उंचीवरची गोल किक सहा हजार न्यूटनच्या वर जाते, आणि दोन्ही कलांचे आकडे जवळपास सारखे निघतात. पोलंडमधल्या पेंजिच आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासात तायक्वांदोच्या किकचा आकडा नऊ हजारांच्या आसपास पोचतो.

पाचशे ते नऊ हजार. अठरा पट फरक. हे सगळे खेळाडू माणसंच होती, त्यांच्या मांड्या काही अठरा पट वेगळ्या नव्हत्या.

इथे संशोधक म्हणून पहिली सवय लावून घ्या. आकडा दिसला की तो एखाद्या ओळखीच्या गोष्टीशी ताडून बघा. पाचशे न्यूटन म्हणजे किती? साधारण ५१ किलोचा माणूस वजनकाट्यावर नुसता उभा राहिला, तर काट्यावर पाचशे न्यूटन बल पडतं. म्हणजे तो आकडा जसाच्या तसा धरला, तर कसलेल्या खेळाडूची किक ही एक बारीक पोरगा अंगावर उभा राहण्याइतकी झाली. ज्याने कधी एक किक खाल्लीये तो हे मान्य करणार नाही. मग आकडा खोटा का? खोटा नाही. त्या लक्ष्यात आणि सेन्सरमध्ये आघाताचा बराच भाग जिरून उरलेलं जे पोचलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे मोजलं. घोळ आपला होतो, आपण तो आकडा किकच्या नावावर लिहितो तेव्हा.

दुसऱ्या टोकाचीही अशीच तपासणी करा. ओ'सलिवन यांच्या पद्धतीत बॅगला त्वरणमापक लावून बल काढलंय. त्वरणाला वस्तुमानाने गुणलं की बल मिळतं, हे बरोबर. पण बॅग म्हणजे लोखंडाचा ठोकळा नव्हे. किक लागते तिथला भाग आधी दबतो, बाकीची बॅग थोड्या वेळाने हलते. मग सेन्सरजवळच्या त्वरणाला गुणायचं कोणत्या वस्तुमानाने, पूर्ण बॅगच्या की हललेल्या भागाच्या? असा आकडा एकाच बॅगवर दोन गटांची तुलना करायला चालतो. दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या फोर्स प्लेटच्या आकड्याशेजारी तो ठेवायला मात्र चालत नाही.

डाळिंबाचा क्रेट

हा फरक कुठून येतो ते आमच्या भागात समजावून सांगायला सोपं आहे. डाळिंब क्रेटमध्ये भरताना खाली कागदाची कात्रणं का टाकतात? फळ त्याच उंचीवरून, त्याच वेगाने पडणार, थांबणारही. म्हणजे संवेगातला बदल तेवढाच. पण कात्रणात ते थांबायला जास्त वेळ लागतो, म्हणून बल कमी पडतं आणि साल चेपत नाही.

आता वरची ५ किलो, १० मीटर वेगाची किक ४० किलोच्या टांगलेल्या बॅगवर मारू. पाय आणि बॅग क्षणभर एकत्र सरकले असं धरलं, तर दोघांचा वेग होतो ५० भागिले ४५, म्हणजे सेकंदाला १.१ मीटर. बॅगला मिळालेला संवेग सुमारे ४४ न्यूटन-सेकंद.

हा संवेग कडक पृष्ठभागावर १० मिलिसेकंदात दिला गेला, तर सरासरी बल ४४०० न्यूटन. मध्यम बॅगवर २० मिलिसेकंद लागले तर २२००. जाड गादीवर ५० मिलिसेकंद लागले तर ९०० सुद्धा नाही. किक तीच, पाय तोच, 'निष्कर्ष' तीन. त्यात एका पेपरने सरासरी बल दिलं आणि दुसऱ्याने शिखर बल, तर आणखी भर पडते. आघाताचा आलेख साध्या कमानीसारखा धरला तरी शिखर सरासरीच्या दीडपटीहून थोडं जास्त असतं.

म्हणून माझ्या ज्युनिअरला मी एक काम सांगितलं. त्याने करून ठेवलेल्या तक्त्यात लेखक, वर्ष, किक आणि बल असे चार रकाने होते. त्यात लक्ष्याचं वस्तुमान, लक्ष्यावरचं आवरण, सेन्सरचा प्रकार, सॅम्पलिंग रेट आणि 'शिखर की सरासरी' असे पाच रकाने वाढव म्हटलं. ते भरायला घेतले आणि बऱ्याच ओळींमध्ये ते रिकामेच राहिले, कारण पेपरमध्ये तेवढी माहितीच दिलेली नाही. ते रिकामे रकाने हीच त्याच्या साहित्य-आढाव्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. 'रिसर्च गॅप' म्हणजे 'यावर महाराष्ट्रात कोणी काम केलं नाही' एवढंच नसतं.

कुऱ्हाड आणि पहार

या सगळ्या गर्दीत मला सर्वांत आवडलेला पेपर जुना आहे, १९९१ चा. सेरिना आणि लिऊ यांचा, 'जर्नल ऑफ बायोमेकॅनिक्स'मधलाच. त्यांनी 'कोणती किक भारी' असं विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न होता की स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या किकमुळे छातीला इजा होण्याची शक्यता किती. प्रश्न ठरला, त्यामुळे कोणती राशी मोजायची तेही ठरलं: छाती किती दबते आणि किती झपाट्याने दबते.

त्यांनी किकचे दोन गट केले. एक, फिरून येणाऱ्या: राउंडहाउस वगैरे. दुसऱ्या, सरळ रेट्याच्या: साइड किक, बॅक किक. निकाल असा की फिरणाऱ्या किकचा वेग सेकंदाला १५ मीटरच्या पलीकडे जातो, तर रेट्याच्या किक वेगात सुमारे ४५ टक्के मागे पडतात. आणि तरीही छातीचं दबणं रेट्याच्या किकमध्ये सुमारे २८ टक्के जास्त येतं.

थांबून विचार करा. वेगात जवळपास निम्म्यावर, परिणामात वरचढ. असं कसं?

कुऱ्हाड आणि पहार आठवा. फिरणाऱ्या किकमध्ये आधी कंबर फिरते, मग मांडी, मग गुडघा उघडतो आणि शेवटी पाऊल आसुडाच्या टोकासारखं सुटतं. टोकाला वेग प्रचंड, पण धडकेच्या क्षणी मागचं शरीर त्या टोकाशी घट्ट जोडलेलं नसतं. प्रभावी वस्तुमान कमी. साइड किकमध्ये टाच, गुडघा, कंबर एका रेषेत येतात आणि पाय लागल्यावरही मागून रेटा चालू राहतो. वेग कमी, पण मागे उभं असलेलं वस्तुमान जास्त.

आणि इथेच माझ्या वरच्या हिशोबाची मर्यादाही दिसते. मी पाय म्हणजे ५ किलोचा फेकलेला गोळा धरला होता. रेट्याच्या किकला ते लागू पडत नाही, कारण स्पर्श झाल्यावरही स्नायू काम करत असतात. म्हणजे दोन्ही प्रकारांना एकच 'प्रभावी वस्तुमान' लावून तुलना करणारा अभ्यास सुरुवातीलाच एका गटाला झुकतं माप देतो.

या पेपरवर टीका करायची तर एवढीच की छातीचं दबणं हे खऱ्या माणसाच्या छातीवर मोजलेलं नाही. किकचा वेग मोजून तो छातीच्या गणिती प्रतिरूपात घातलाय. ते तसंच असायला हवं, कारण इजा करून बघणं कुठलीच नीतिशास्त्र समिती मान्य करणार नाही. पण मग २८ टक्के हा आकडा त्या प्रतिरूपातल्या गृहीतकांइतकाच पक्का आहे. त्यातली दिशा घ्या, दशांश घेऊ नका.

दिशासुद्धा लक्ष्य बदललं की बदलू शकते. छातीऐवजी डोकं घ्या. डोकं हलकं, मानेवर बसवलेलं, सहज हलणारं. त्याला रेट्याची गरज नाही, झपाट्याने आलेला हलका पायही त्याला जोरात झटका देतो, आणि मेंदूच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं डोक्याचं त्वरण. म्हणजे धडासाठी पहार आणि डोक्यासाठी कुऱ्हाड. दोन्हींचा मिळून एक नंबर काढायचा कसा?

टीव्हीवरचा पुतळा

ज्युनिअरच्या यादीत एक टीव्ही कार्यक्रमही होता. नॅशनल जिओग्राफिकचा 'फाइट सायन्स', २००६ चा. सेन्सर बसवलेला पुतळा, वेगवेगळ्या शैलींचे कसलेले खेळाडू, स्क्रीनवर हाडांची ॲनिमेशन. अजूनही कित्येक क्लासमध्ये 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' म्हणून त्यातलेच आकडे सांगितले जातात.

कार्यक्रम वाईट नाही. शाळेतल्या मुलांना विज्ञानाची गोडी लागावी असाच आहे. पण त्यातून 'अमुक शैलीची किक सर्वांत ताकदवान' हा निष्कर्ष निघत नाही, कारण तिथे शैलींची तुलना झालेलीच नाही. तुलना झाली ती एकेका माणसाची. एका शैलीतून एक जण आला, त्याचं वजन वेगळं, उंची वेगळी, त्याने निवडलेली किक वेगळी. जिंकलं कोण: शैली, किक, वजन की त्या दिवशीचा मूड? चारही गोष्टी एकत्र बदलल्या तर कोणत्याच गोष्टीला श्रेय देता येत नाही. यात्रेच्या दंगलीत एका गावचा पैलवान दुसऱ्या गावच्या पैलवानाला चीतपट करतो, म्हणून पहिल्या गावची माती भारी असं कोणी म्हणत नाही. तेवढा विवेक पुतळ्यासमोरही ठेवावा.

किक मोजली की माणूस?

फाल्को यांच्या २००९ च्या पेपरकडे परत येतो, कारण त्यात एक गोष्ट फार छान दिसते. ३१ खेळाडू, दोन गट: अनुभवी आणि नवखे. तीन वेगवेगळ्या अंतरांवरून राउंडहाउस. अनुभवी खेळाडूंच्या आघातबलात अंतरामुळे लक्षणीय फरक पडला नाही. नवख्यांच्या बाबतीत मात्र आघातबलाचा शरीराच्या वजनाशी संबंध दिसला. लेखकांचं म्हणणं असं की नवखे जोर आणण्यासाठी अंगाचं वजन वापरतात.

याचा अर्थ लक्षात घ्या. नवख्या मुलांवर 'किकची तुलना' केली तर तुम्ही बऱ्याच अंशी त्यांची वजनं मोजत असाल. आणि आपल्याकडच्या प्रकल्पांना नमुना म्हणून बहुतेक वेळा शाळेतली, क्लासमधली मुलंच मिळतात. एका किकसाठी एक गट आणि दुसऱ्या किकसाठी दुसरा गट घेतला, तर हा घोटाळा आणखी वाढतो. त्यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक खेळाडूने प्रत्येक किक मारायची, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा म्हणजे दमणुकीचा भार कायम एकाच किकवर पडणार नाही, आणि तुलना त्या खेळाडूची त्याच्याशीच करायची.

अजून एक सापळा सांगतो, यात भलेभले अडकतात. दहा खेळाडूंनी वीस-वीस किक मारल्या, की तक्त्यात दोनशे ओळी येतात. मग 'एन बरोबर २००' असं लिहून टी-टेस्ट लावतात आणि पी-व्हॅल्यू झकास येते. पण एकाच माणसाच्या वीस किक म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकाच झाडाची वीस डाळिंबं तोडून अख्ख्या शिवाराचा गोडवा ठरवता येत नाही, तसंच. तुमचा नमुना दहाच आहे. व्हायव्हात हा प्रश्न आला तर घाम फुटतो, त्यापेक्षा आधीच पुनरावृत्त मापनाचं विश्लेषण शिकून घ्या.

मग करायचं काय? विषय सोडायचा?

अजिबात नाही. विषय चांगला आहे, फक्त तो प्रश्न एखाद्या ठरलेल्या राशीचा करून घ्यायला हवा. आणि त्यासाठी लाखोंची फोर्स प्लेट नसली तरी सुरुवात होऊ शकते, सटाण्यातही.

दोर आणि वाळू भरलेली ४० किलोची गोणी घ्या. ३ मीटर दोरावर मजबूत आडव्या खांबाला टांगा. हा झाला झुलता लंबक. किक मारली की गोणी किती सरकते ते मोबाइलने शूट करा. वरच्या हिशोबातली किक या गोणीला सुमारे ६ सेंटिमीटर वर उचलेल, म्हणजे आडवी ६० सेंटिमीटर सरकवेल. ६० सेंटिमीटर मोजायला मागे लावलेली पट्टी पुरते. त्यावरून गोणीला मिळालेला संवेग थेट निघतो. महत्त्वाचं म्हणजे या पद्धतीत धडक १० मिलिसेकंद टिकली की ५०, याने उत्तर फारसं बदलत नाही. आवरण मऊ की कडक, हा झगडाच बराचसा संपतो.

पायाचा वेगही मोबाइलवर मिळतो, पण नेहमीच्या मोडमध्ये नाही. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर १० मीटर वेगाचा पाय दोन फ्रेमच्या मध्ये ३३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, तुम्हाला दिसेल फक्त धूसर पट्टा. २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हे अंतर ४ सेंटिमीटरवर येतं. तेवढं पहिल्या चाचणीला चालेल. कॅमेरा किकच्या पातळीला काटकोनात हवा, नाहीतर तिरप्या कोनामुळे वेग कमी दिसतो.

हेही ध्यानात ठेवा की किक गोणीच्या मध्यावर लागली नाही तर ती गोल फिरते आणि काही ऊर्जा त्यात जाते. अशा किक गाळायच्या, आणि गाळण्याचा नियम मोजणीच्या आधी वहीत लिहून ठेवायचा. नंतर ठरवला की मन नकळत नावडते आकडे गाळू लागतं. एकाच खेळाडूची मोजणी आठवड्याने पुन्हा करून दोन्ही दिवसांचे आकडे कितपत जुळतात तेही बघा. उपकरणाचाच आकडा रोज बदलत असेल तर किकमधला फरक शोधण्यात अर्थ नाही. आणि १८ वर्षांखालची मुलं घेणार असाल तर पालकांची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आधी. 'सरांनी हो म्हटलंय' म्हणजे संमती नव्हे.

हे सगळं कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढा कीस कशाला पाडायचा? पोरं किक मारतायत, मारू दे.

पण या आकड्यांवर माणसं निर्णय घेतात. तायक्वांदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक कवच असतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकपासून ते ऑलिम्पिकमध्येही आलं. ते कवच वजनगटाप्रमाणे एक किमान पातळी ठरवतं. ती ओलांडली की धडावरच्या किकला २ गुण. दुप्पट जोराने मारली म्हणून ४ मिळत नाहीत. ४ मिळतात ते फिरून मारली तर. डोक्यावरच्या किकला ३, आणि फिरून डोक्यावर मारली तर ५. म्हणजे स्पर्धेतसुद्धा 'सर्वांत पॉवरफुल' या गोष्टीला किंमत नाही. पुरेसा जोर, योग्य जागा आणि वेळ यांना आहे. तरीही कोणी प्रशिक्षक टीव्हीवरचा आकडा ऐकून दहा-बारा वर्षांच्या पोरांकडून फिरत्या किक घोटून घेत असेल, तर त्या पोरांच्या गुडघ्या-कंबरेवर येणारा ताण खरा आहे आणि त्यामागचा आकडा मात्र एका पुतळ्यावरचा आहे. डोक्याबद्दल तर बोलायलाच नको. 'हलकीच किक होती' हे वाक्य बलाच्या भाषेत खरं असलं तरी डोक्याच्या त्वरणाच्या भाषेत खोटं असू शकतं. पालकांना हे समजावून सांगणारा एक मराठी प्रबंध झाला, तर तो कपाटात पडून राहणार नाही.

ज्युनिअरचा विषय आता असा झालाय: एकाच खेळाडूने ठरावीक वस्तुमानाच्या टांगत्या लक्ष्यावर मारलेल्या राउंडहाउस व साइड किकमधून लक्ष्याला मिळणारा संवेग, तीन अंतरांवरून तुलना. शीर्षक ऐकून त्याचे मित्र म्हणाले, आधीचं भारी होतं. होतंच. पण आधीच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, याला आहे, आणि ते चूक निघालं तर दुसऱ्या कोणाला गोणी टांगून ते चूक ठरवताही येईल.

तुम्हीही तुमच्या विषयातला कुठलाही पेपर उघडाल तेव्हा निकालाच्या तक्त्याकडे धावू नका. आधी एका कागदावर चार ओळी लिहा: नेमकी कोणती राशी मोजली, कशावर मोजली, कशाने मोजली, आणि किती स्वतंत्र माणसांवर मोजली. चारपैकी एका जरी ओळीत पेपर वाचूनही काही लिहिता आलं नाही, तर तो आकडा तुमच्या तक्त्यात घेऊ नका. त्या रिकाम्या ओळीखाली मात्र रेघ मारून ठेवा. तुमचा विषय बहुतेक तिथेच आहे.